क्लाउडवर लॉग सुरू करताय? डिफॉल्टवर सोडून देण्याआधी हे एवढं करून घ्या

हिंजवडी असो, खराडी असो नाहीतर बाणेरमधलं चार टेबलांचं ऑफिस असो, नवीन जॉइन झालात की एक काम हमखास अंगावर येतं, "अरे त्या नवीन सर्व्हिसचे लॉग क्लाउडवर पाठव ना जरा". दहा मिनिटांचं काम वाटतं आणि खरंच दहा मिनिटांत होतं पण. लॉग पाठवणारा एजंट टाकला, लॉग ग्रुप (लॉग साठवायची जागा) तयार झाला, स्क्रीनवर ओळी पळायला लागल्या, तिकीट क्लोज. एडब्ल्यूएस, गूगल क्लाउड, ॲझ्युअर तिन्हीकडे लॉग डिस्कवर लिहिताना आपोआप एन्क्रिप्ट होतात (म्हणजे की, किल्ली, नसेल तर वाचता येत नाहीत), त्यामुळे चेकलिस्टमध्ये "एन्क्रिप्शन: हो" अशी टिक मारून सगळे मोकळे होतात.

ती टिक खोटी नाहीये. पण ती नेमकी कशापासून वाचवते ते समजून घ्या. कोणी डेटा सेंटरमधली डिस्क उचलून नेली तर त्याला काही वाचता येणार नाही, एवढंच. लॉगमधून माहिती बाहेर जाते ती बहुतेक वेळा अशी जातच नाही, ती जाते वाचायची परमिशन असलेल्या माणसाकडून किंवा त्याचं लॉगिन चोरणाऱ्याकडून, आणि त्याच्यासमोर क्लाउड स्वतःच सगळं उलगडून ठेवतो, कारण सिस्टीमच्या दृष्टीने तो हक्काचा माणूस असतो. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी लॉगमध्ये काय जातंय, मग कोण वाचतंय, मग किती दिवस राहतंय आणि कुठे राहतंय, आणि या सगळ्यानंतर स्वतःच्या कीचं एन्क्रिप्शन. बहुतेक ठिकाणी हे बरोबर उलट्या क्रमाने होतं, की लावण्यात दोन आठवडे जातात आणि लॉगमध्ये ओटीपी तसेच पडलेले असतात.

पायरी १: लॉगमध्ये काय जातंय ते डोळ्यांनी बघा

सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. एक उदाहरण घेऊ. समजा कर्वेनगर आणि सदाशिव पेठेत राहणाऱ्या विद्यार्थ्यांना मेसचे डबे पोचवणारं एक ॲप आहे, आणि त्याच्या लॉगिन सर्व्हिसचे लॉग तुमच्याकडे आले. कन्सोल उघडून सलग शंभरेक ओळी नीट वाचल्या की अशी एखादी ओळ सापडतेच (आकडे अर्थातच बनावट आहेत):

इन्फो लॉगिन रिक्वेस्ट मोबाइल=१२३४५६७८९० ओटीपी=४७१९०३ पत्ता="गल्ली नं. ५, कर्वेनगर" टोकन=एबीसी७७८क्यू रिझल्ट=ओके

ज्याने ही ओळ लिहिली त्याचा हेतू चांगलाच होता, टेस्टिंगच्या वेळी ओटीपी का येत नाही ते शोधायचं होतं त्याला. पण ती ओळ तशीच प्रॉडक्शनला गेली, आणि आता ज्याला हे लॉग दिसतात त्याला एखादी मुलगी कुठल्या गल्लीत राहते हे कळतंय, आणि टोकन अजून चालू असेल तर तिच्या नावाने लॉगिनही करता येतंय. हे मी गंभीरपणे सांगतोय. लॉगमधला डेटा म्हणजे कुणाच्यातरी घरचा पत्ता असतो.

मोठ्या कंपन्यांकडूनही हे सुटलेलं नाही. मे २०१८ मध्ये ट्विटरने ३३ कोटींच्या आसपास युजर्सना पासवर्ड बदलायला सांगितलं, कारण पासवर्डचं हॅशिंग (उलट न करता येणारं रूपांतर) पूर्ण होण्याआधीच तो एका अंतर्गत लॉगमध्ये लिहिला जात होता, साधा वाचता येईल असा. मार्च २०१९ मध्ये फेसबुकनेही कोट्यवधी पासवर्ड अंतर्गत सिस्टीममध्ये वाचता येतील अशा रूपात पडून होते हे मान्य केलं आणि त्यावर आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगाने सप्टेंबर २०२४ मध्ये ९ कोटी १० लाख युरोचा दंड ठोठावला. डिस्क एन्क्रिप्ट असण्या-नसण्याने यात काहीच फरक पडला नसता.

तर काय करायचं? लॉग लिहिण्याच्या आधीच, म्हणजे ॲपच्या कोडमध्येच फिल्टर लावायचा. पायथनच्या लॉगिंगला फिल्टर जोडता येतो, नोडवाले पायनो वापरत असतील तर त्यात रिडॅक्ट नावाचा ऑप्शन आहे, जावावाल्यांना लॉगबॅकमध्ये पॅटर्नने मास्क करता येतं. फिल्टर लावल्यावर वरची ओळ अशी दिसली पाहिजे:

इन्फो लॉगिन रिक्वेस्ट युजर=यू४४१२ मोबाइल=७८९० ओटीपी=[काढला] रिझल्ट=ओके

डीबग करायला जे लागतं ते सगळं यात आहे. पत्ता आणि टोकन तर गेलेच, त्यांची गरजच नव्हती.

फिल्टर "हे हे लपव" अशा पद्धतीने लिहू नका, "एवढंच लिही" अशा पद्धतीने लिहा. लपवायच्या फील्डची यादी केली की उद्या कोणीतरी आधार नंबरचं नवीन फील्ड टाकतो आणि ते यादीत नसल्यामुळे सरळ लॉगमध्ये जातं. परवानगी असलेल्या फील्डची यादी केली तर नवीन फील्ड आपोआप बाहेरच राहतं, कोणाला हवंच असेल तर तो येऊन मागेल आणि मग त्यावर बोलता येईल.

काही जागा नवीन लोकांच्या हमखास नजरेतून सुटतात. इंजिनएक्स किंवा लोड बॅलन्सरचा ॲक्सेस लॉग, त्यात पूर्ण यूआरएल जाते, म्हणजे प्रश्नचिन्हाच्या पुढचं सगळं, पासवर्ड रीसेटच्या लिंकमधलं टोकनसुद्धा. मग ऑथोरायझेशन हेडर, कोणी "सगळे हेडर प्रिंट कर" केलं की तो आलाच. आणि एक्सेप्शन, एरर आल्यावर अख्खं ऑब्जेक्ट छापायची सवय असते आणि त्या ऑब्जेक्टमध्ये युजरचं सगळं प्रोफाइल बसलेलं असतं. नेहमीच्या ओळी स्वच्छ असतात आणि घाण सगळी एररच्या ओळींत असते, म्हणून एरर लेव्हलचे लॉग वेगळे काढून वाचा.

अजून एक, "आम्ही मोबाइल नंबर हॅश करून लिहितो" असं खूप टीम सांगतात. दहा आकडी नंबर साध्या शा-२५६ ने हॅश केला तर तो लपत नाही, सगळे शक्य नंबर हॅश करून जुळवून बघायला आजच्या मशीनला फार वेळ लागत नाही. गुप्त की वापरून एचमॅक (कीशिवाय जुळवून बघता न येणारा हॅश) करा, आणि ती गुप्त की लॉगपासून लांब सीक्रेट मॅनेजरमध्ये ठेवा. किंवा सरळ अंतर्गत युजर आयडी लिहा, ते सगळ्यात सोपं.

क्लाउडच्या बाजूनेही मदत आहे. क्लाउडवॉच लॉग्जमध्ये (एडब्ल्यूएसची लॉग साठवायची सर्व्हिस) डेटा प्रोटेक्शन पॉलिसी लावता येते, ती ईमेल, कार्ड नंबर वगैरे ओळखून मास्क करते आणि तुमचा स्वतःचा पॅटर्नही देता येतो. पण ती पॉलिसी लावल्यानंतर आलेल्या लॉगलाच लागू होते, आधीचे तसेच राहतात, आणि ज्याच्याकडे अनमास्कची परमिशन आहे त्याला मूळ मजकूर दिसतोच. त्यामुळे ही पॉलिसी दुसरी फळी म्हणून लावा, पहिली फळी तुमच्या कोडमधलीच.

युजरकडून आलेला मजकूर लॉगमध्ये लिहिताना नवीन ओळीची अक्षरं काढून टाका, नाहीतर कोणीही नावाच्या रकान्यात एंटर मारून तुमच्या लॉगमध्ये खोटी ओळ घुसवू शकतो. जेसन फॉरमॅटमध्ये लिहिलंत तर हा त्रास बराचसा जातो. आणि लॉगिंगची लायब्ररी अपडेट ठेवा, डिसेंबर २०२१ चं लॉगफोरशेल प्रकरण आठवत असेल, एक ओळ लॉगमध्ये लिहिली गेली एवढ्यावर बाहेरच्या माणसाला सर्व्हरवर कोड चालवता येत होता.

पायरी २: एजंटपासून क्लाउडपर्यंतचा रस्ता

क्लाउडच्या स्वतःच्या एपीआयकडे लॉग जातात तेव्हा ते टीएलएसवरूनच, म्हणजे रस्त्यात एन्क्रिप्ट होऊनच जातात, एडब्ल्यूएस तर १.२ पेक्षा जुनं टीएलएस आता घेतच नाही, तिथे काही करायला नको. गडबड असते ती मधल्या टप्प्यात. कंटेनरमधून फ्लुएंट बिट (लॉग गोळा करून पुढे पाठवणारा एजंट), फ्लुएंट बिटमधून दुसऱ्या एका कलेक्टरकडे आणि तिथून क्लाउडवर अशी साखळी असेल तर पहिल्या दोन उड्या बऱ्याचदा उघड्या असतात. फ्लुएंट बिटच्या फॉरवर्ड आणि एचटीटीपी आउटपुटमध्ये टीएलएस आपोआप चालू नसतं, ते ऑन लिहावं लागतं. सर्टिफिकेटची तपासणी मात्र डिफॉल्टने चालू असते, ती कोणीतरी एरर येते म्हणून बंद करतो आणि तशीच राहते. सर्टिफिकेटची एरर आली तर सर्टिफिकेट दुरुस्त करा, तपासणी बंद करू नका प्लीज, कारण तपासणी बंद असलेलं टीएलएस मधे बसलेल्या माणसाला थांबवू शकत नाही.

सिसलॉग, म्हणजे लॉग पाठवायची जुनी पद्धत, असेल तर ते ५१४ पोर्टवर यूडीपीने साधा मजकूर पाठवतं. टीएलएसवालं सिसलॉग ६५१४ पोर्टवर असतं, तिकडे हलवा.

खात्री करायची रीत सोपी आहे. डेव्हच्या (डेव्हलपमेंटच्या) मशीनवर टीसीपीडंप (नेटवर्कवरून जाणारा डेटा दाखवणारं टूल) लावा, मजकूर दाखवायचा पर्याय देऊन आणि पोर्ट कलेक्टरचा देऊन, आणि ॲपमधून "चाचणी१२३" अशी ओळ लॉग करा, पण ती रोमन अक्षरांत करा म्हणजे कॅप्चरमध्ये सहज ओळखता येईल. ती ओळ स्क्रीनवर जशीच्या तशी दिसली तर रस्ता उघडा आहे. नुसती अगम्य अक्षरं दिसली, आणि कॉम्प्रेशन लावलेलं नसेल, तर टीएलएस चालू आहे. हे स्वतः एकदा करून बघाच, डॉक्युमेंट वाचून जे पटत नाही ते इथे एका मिनिटात पटतं.

पायरी ३: कोण वाचू शकतंय

बऱ्याच ठिकाणी सगळ्या डेव्हलपरना "रीड ओन्ली" रोल दिलेला असतो आणि लोक म्हणतात, रीड ओन्लीच तर आहे, काय होतंय. लॉगच्या बाबतीत वाचणं हाच धोका आहे. एडब्ल्यूएसची तयार मिळणारी रीड ओन्ली पॉलिसी सगळ्या लॉग ग्रुपचे लॉग वाचू देते, पेमेंटच्या सर्व्हिसचेसुद्धा. त्याऐवजी टीमप्रमाणे रोल करा आणि लॉग ग्रुपच्या नावात टीमचं नाव सुरुवातीला ठेवा, म्हणजे पॉलिसीमध्ये "या नावाने सुरू होणारे लॉग ग्रुप" एवढं लिहून काम भागतं. नावं सुरुवातीलाच नीट ठेवली नाहीत तर नंतर हे सगळं फार किचकट होऊन बसतं.

लॉग पाठवणाऱ्या एजंटला फक्त लिहायची परमिशन द्या, वाचायची नाही, डिलीट करायची तर मुळीच नाही. सर्व्हर हॅक झाला तर घुसलेला माणूस सगळ्यात आधी आपल्या खुणा पुसायला बघतो. ऑडिट लॉग, म्हणजे कोणी काय केलं याच्या नोंदी, तर वेगळ्या अकाउंटमध्येच ठेवा, जिथे प्रॉडक्शनच्या अ‍ॅडमिनलाही डिलीट करता येणार नाही.

गूगल क्लाउडमध्ये एक बारीक गोष्ट आहे, लॉग्ज व्ह्यूअर रोल असला तरी डेटा ॲक्सेस ऑडिट लॉग दिसत नाहीत, त्यासाठी प्रायव्हेट लॉग्ज व्ह्यूअर हा वेगळा रोल लागतो. ही चांगली सोय आहे, सगळ्यांना दुसरा रोल वाटून ती घालवू नका.

स्वतःच्या सर्व्हरवर इलास्टिकसर्च (लॉग साठवून त्यात शोधायचं सॉफ्टवेअर) चालवणाऱ्यांसाठी: व्हर्जन ८.० पासून, म्हणजे फेब्रुवारी २०२२ पासून, लॉगिन आणि टीएलएस सुरुवातीलाच चालू असतं, त्याआधीच्या व्हर्जनला ते स्वतः चालू करावं लागायचं आणि न केल्यामुळे जगभरात ९२०० पोर्टवर उघडे पडलेले सर्व्हर सापडायचे. अजून ७ वर असाल तर आजच बघा. लोकी हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याला स्वतःचं लॉगिन नाहीये, पुढे रिव्हर्स प्रॉक्सी लावून तिथे ऑथेंटिकेशन ठेवावं लागतं.

पायरी ४: किती दिवस, आणि कुठे

क्लाउडवॉच लॉग ग्रुपचं डिफॉल्ट रिटेन्शन, म्हणजे लॉग ठेवायची मुदत, "नेव्हर एक्स्पायर" आहे. एडब्ल्यूएसचं लॅम्डा फंक्शन (सर्व्हर न सांभाळता चालणारा कोड) पहिल्यांदा चाललं की त्याचा लॉग ग्रुप आपोआप तयार होतो तोही असाच, कायमचा. टेराफॉर्ममध्ये (क्लाउडची सेटिंग कोडमध्ये लिहायचं टूल) रिटेन्शनचा आकडा दिला नाहीत तरी तेच. माझ्या मते हे सगळ्यात वाईट डिफॉल्ट आहे. बिल वाढतं ते वेगळंच, पण आज कोडमधली चूक सुधारली तरी तीन वर्षांपूर्वीचे ओटीपी आणि पत्ते तिथेच पडून राहतात, आणि ते कधी ना कधी कोणाच्या तरी हाती लागतात. गूगलमध्ये उलटं आहे, तिथल्या डिफॉल्ट बकेटमध्ये (लॉग ठेवायचा कप्पा) ३० दिवस आणि रिक्वायर्ड बकेटमध्ये ४०० दिवस, त्यातला ४०० चा आकडा बदलता येत नाही. ॲझ्युअरचा ॲक्टिव्हिटी लॉग ९० दिवस राहतो, पण प्रत्येक रिसोर्सचे आतले लॉग तुम्ही डायग्नोस्टिक सेटिंग तयार करेपर्यंत गोळाच होत नाहीत, घटना घडल्यावर शोधायला जाल तर तिथे काहीच नसेल.

मग ठेवायचे किती दिवस? आपल्याकडे सर्ट-इनचे (सायबर घटना हाताळणारी केंद्र सरकारची संस्था) २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत, त्यानुसार आयटी सिस्टीमचे लॉग १८० दिवस सुरक्षित ठेवायचे आणि ते भारताच्या अधिकारक्षेत्रात ठेवायचे, आणि सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायचं. क्लाउडवॉचच्या यादीत १८० दिवसांचा पर्याय आहेच. शिवाय २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होतायत, त्यात एन्क्रिप्शन, मास्किंग, ॲक्सेसवर नियंत्रण आणि संबंधित लॉग एक वर्ष ठेवणं हे सगळं आहे, आणि डेटा सांभाळण्यात कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे मी साधारण असं सांगतो: प्रॉडक्शनच्या ॲपचे लॉग १८० दिवस, कोणी काय वाचलं-बदललं याचे ऑडिट लॉग निदान एक वर्ष, डेव्हचे लॉग १४ दिवस. तुमचं क्षेत्र बँकिंग किंवा विमा असेल तर त्यांचे नियम वेगळे, कंप्लायन्सच्या माणसाला विचारून आकडा ठरवा आणि टेराफॉर्ममध्ये लिहून टाका. रिटेन्शन कमी केलं की लॉग त्याच क्षणी जात नाहीत, क्लाउडवॉचमध्ये प्रत्यक्ष पुसायला ७२ तासांपर्यंत लागू शकतात, घाबरून जाऊ नका.

जागेचं म्हणाल तर एडब्ल्यूएसचे रीजन, म्हणजे डेटा सेंटरच्या जागा, भारतात मुंबई आणि हैदराबाद, गूगलचे मुंबई आणि दिल्ली, आणि ॲझ्युअरचं सेंट्रल इंडिया रीजन तर आपल्या पुण्यातच आहे. गूगल क्लाउडमध्ये मात्र लक्ष ठेवा, काही सांगितलं नाही तर लॉग बकेट "ग्लोबल" मध्ये तयार होतं आणि एकदा तयार झालं की त्याची जागा बदलता येत नाही. ऑर्गनायझेशनच्या पातळीवर आधीच डिफॉल्ट जागा ठरवून ठेवता येते, नवीन प्रोजेक्ट उघडायच्या आधी ते करा.

घड्याळाचंही बघून घ्या. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी वेळ जुळवायला सांगितलंय. दोन सर्व्हरच्या घड्याळांत चार मिनिटांचा फरक असला तर आधी काय घडलं आणि नंतर काय हेच लागत नाही.

पायरी ५: आता की

क्लाउडचं डिफॉल्ट एन्क्रिप्शन असताना स्वतःची की कशाला? एन्क्रिप्शन जास्त मजबूत होतं म्हणून नाही, दोन्हीकडे एईएस-२५६ च आहे. फायदा हा की लॉग वाचायला आता दोन वेगळ्या ठिकाणांहून होकार लागतो, कीचा वापर ऑडिटमध्ये नोंदला जातो, आणि वेळ आली तर की बंद करून सगळे लॉग एका झटक्यात कुलूपबंद करता येतात.

आत काय चालतं ते थोडक्यात. केएमएसमधली (एडब्ल्यूएसची की सांभाळणारी सर्व्हिस) मुख्य की कधी बाहेर येत नाही आणि ती स्वतः एका वेळी जेमतेम ४ केबीपर्यंतचा डेटा एन्क्रिप्ट करते. लॉग तर जीबीमध्ये असतात. म्हणून आधी एक डेटा की तयार होते, लॉग तिने एन्क्रिप्ट होतात, आणि मग ती डेटा की मुख्य कीने एन्क्रिप्ट करून लॉगच्या शेजारीच ठेवली जाते. कपाटाची किल्ली कपाटावरच पण एका कुलूपबंद डबीत ठेवली आणि डबीची किल्ली बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली, तसं. की रोटेट केली तरी जुने लॉग वाचता येतात, कारण केएमएस जुनं की मटेरियलही सांभाळून ठेवतं, त्यामुळे वर्षाला आपोआप रोटेशन बिनधास्त चालू करा.

क्लाउडवॉचसाठी क्रम असा. ज्या रीजनमध्ये लॉग ग्रुप आहे त्याच रीजनमध्ये केएमएसची की तयार करा, सिमेट्रिक प्रकारचीच (एन्क्रिप्ट-डिक्रिप्ट एकाच कीने), कारण क्लाउडवॉचला दुसरी चालत नाही. मग की पॉलिसीमध्ये त्या रीजनच्या लॉग सर्व्हिसला एन्क्रिप्ट, डिक्रिप्ट, डेटा की तयार करणं वगैरे परवानगी द्या, आणि तिथेच एन्क्रिप्शन कॉन्टेक्स्टची अट घाला की ही परवानगी फक्त अमुक लॉग ग्रुपच्या एआरएनसाठी (एडब्ल्यूएसमधलं त्याचं पूर्ण ओळख-नाव) आहे. ही अट लोक गाळतात, कारण तिच्याशिवायही सगळं चालतं, पण ती घातली नाही तर की कशासाठी आहे ही सीमाच राहत नाही. मग लॉग ग्रुपला की जोडा, पाचेक मिनिटं थांबा, नवीन ओळ पाठवून वाचता येते का बघा. की जोडल्यानंतर येणारे लॉगच त्या कीने एन्क्रिप्ट होतात, आधीचे तसेच राहतात, म्हणून की पहिल्या दिवशीच जोडावी. खर्च एका कीमागे महिन्याला १ डॉलर आणि वर वापराचे थोडे, छोट्या टीमला जड नाही.

गूगलमध्ये याहून कडक आहे, स्वतःची की हवी असेल तर लॉग बकेट तयार करतानाच द्यावी लागते, साध्या बकेटला नंतर लावता येत नाही. ॲझ्युअरमध्ये लॉग ॲनालिटिक्ससाठी स्वतःची की हवी तर डेडिकेटेड क्लस्टर घ्यावा लागतो आणि त्याची सुरुवातच रोज १०० जीबीच्या बांधिलकीपासून होते, त्यामुळे लहान कंपनीने तिथे मायक्रोसॉफ्टच्या कीवर समाधान मानावं आणि तो पैसा-वेळ पहिल्या आणि तिसऱ्या पायरीत घालावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

की गेली तर लॉग गेले, हे मनावर कोरून घ्या. कोणाकडेही, एडब्ल्यूएसकडेसुद्धा, दुसरी किल्ली नसते. की डिलीटला टाकली की ७ ते ३० दिवसांची मुदत मिळते, डिफॉल्ट ३० आहे, ती कमी करू नका. की सांभाळणारा आणि लॉग वाचणारा माणूस वेगळा ठेवा.

पायरी ६: ऑडिट लॉगला हात लागू देऊ नका

क्लाउडट्रेलमध्ये, म्हणजे एडब्ल्यूएसच्या ऑडिट लॉगच्या सर्व्हिसमध्ये, शेवटच्या ९० दिवसांची हिस्टरी आपोआप दिसते, त्यापुढचं हवं तर ट्रेल करून एस३ मध्ये (एडब्ल्यूएसचं फाइल स्टोरेज) टाकावं लागतं. ट्रेल टेराफॉर्मने करत असाल तर सगळे रीजन घेणं आणि लॉग फाइल व्हॅलिडेशन ही दोन्ही सेटिंग बंद असतात, दोन्ही ट्रू करा. व्हॅलिडेशन चालू असलं की दर तासाला एक सही केलेली डायजेस्ट फाइल बनते, त्यात फाइलींचे शा-२५६ हॅश असतात, त्यामुळे कोणी मधली फाइल बदलली किंवा उडवली तर ते लपत नाही. एस३ मध्ये जानेवारी २०२३ पासून नवीन ऑब्जेक्ट आपोआप एन्क्रिप्ट होतात आणि एप्रिल २०२३ पासून नव्या बकेटला पब्लिक ॲक्सेस डिफॉल्टने बंद असतो, पण त्याआधीची बकेट तुमच्याकडे असतील तर त्यांचा पब्लिक ॲक्सेस उघडून बघा. ऑब्जेक्ट लॉक लावला तर मुदत संपेपर्यंत डिलीटच करता येत नाही. त्यातला कम्प्लायन्स मोड रूट युजरलाही दाद देत नाही, म्हणून आधी डेव्हमध्ये एक दिवसाच्या मुदतीने करून बघा आणि मगच प्रॉडक्शनला लावा.

गूगलमध्ये बिगक्वेरी (डेटा विश्लेषणाची सर्व्हिस) सोडून बाकी सर्व्हिसचे डेटा ॲक्सेस ऑडिट लॉग बंद असतात. निदान ज्या डेटाबेसमध्ये लोकांची माहिती आहे तिथले चालू करा.

शेवटी अलार्म आणि तपासणी

या घटनांवर अलार्म लावा: स्टॉप लॉगिंग, डिलीट ट्रेल, डिलीट लॉग ग्रुप, रिटेन्शन बदलणं, की डिसेबल करणं, की डिलीटला टाकणं. अलार्म एका माणसाच्या मेलवर नको, टीमच्या ग्रुपवर जाऊ दे, माणूस गणपतीत गावाला गेला की मेल तसाच पडून राहतो.

मग डेव्हमध्ये बसून हे करून बघा. बनावट मोबाइल नंबर आणि बनावट ओटीपी टाकून लॉगिन करा आणि लॉगमध्ये तो नंबर शोधा, सापडला नाही पाहिजे, मुद्दाम एरर आणूनही शोधा. दुसऱ्या टीमच्या रोलने लॉगिन करून तुमचे लॉग उघडायचा प्रयत्न करा, "ॲक्सेस डिनाइड" आलं पाहिजे. एजंटच्या रोलने लॉग ग्रुप डिलीट करून बघा, तेही नाकारलं गेलं पाहिजे. आणि मग डेव्हची की डिसेबल करा, थोडा वेळ जाऊ द्या, लॉग वाचायला गेलात तर एरर यायला हवी आणि टीमच्या ग्रुपवर अलार्मचा मेल यायला हवा. मेल आलाच नाही तर ट्रेलमधून अलार्मपर्यंत घटना पोचत नाहीये, ते आधी दुरुस्त करा, की परत एनेबल करा आणि पुन्हा एकदा डिसेबल करून मेल येतो का बघा.